न बसलेला मार

धाकटीला लहानपणी कुणी मारलं नाही, आणि हे तिचं दुःख होतं. असं दुःख चारचौघांत सांगायची सोय नसते. ज्यांनी मार खाल्लेला असतो ते हसतात, आणि ज्यांनी खाल्लेला नसतो त्यांना कळत नाही.

घरात दोन मुली. थोरली पोटची, धाकटी आणलेली. ती तीन वर्षांची असताना आई-बाबांनी तिला अनाथालयातून घरी आणलं आणि ही गोष्ट तिच्यापासून कधी लपवली नाही. दोघींचे कपडे एकाच कापडातून बेतलेले असत, अंथरुणं शेजारी शेजारी पडत. फरक फक्त पट्टीचा. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांच्या टेबलावर फूटभर लांबीची लाकडी पट्टी असायची. थोरली खोटं बोलली किंवा तिनं उलट उत्तर दिलं, की ती पट्टी तिच्या तळहातावर बसायची. धाकटीनं नेमकं तेच केलं की बाबा म्हणायचे, "असू दे बाळ, पुन्हा करू नकोस." ताई अजून लोकांना सांगते, माझ्या हातावर भाग्यरेषा शोधू नका, इंच छापलेले आहेत ते मोजा.

दहाव्या वर्षी धाकटीनं एक प्रयोग केला. बाबांचा चष्मा उचलला, त्यांच्या देखत फरशीवर आपटला आणि हात पुढे करून उभी राहिली. बाबांनी आधी तिच्या पायाला काच लागली नाही ना ते पाहिलं. मग वाकून तुकडे गोळा केले आणि पुढचे चार दिवस वर्तमानपत्र नाकाला लावून वाचलं. त्याच रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकांनी समजावून सांगितलं की बाप ज्याला आपलं मूल मानतो त्यालाच वळण लावतो. देवाचंही तसंच आहे. ज्याला कधी शिक्षाच होत नाही त्यानं स्वतःला विचारावं, आपण खरंच त्या घरचे आहोत का. सगळ्या मंडळींनी माना डोलावल्या. धाकटी ताईच्या मांडीवर उलट्या पडलेल्या हाताकडे बघत राहिली.

पुढे ती काचेच्या कामात शिरली. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण हात काच वितळवणाऱ्या ज्योतीवर बसला. प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना होता, तिथे ती आधी कारागीर झाली आणि मग तपासनीस. काचेचं एक आहे, ती दिसते तशी नसते. फुंकून, वाकवून, जोडून केलेला चंबू थंड होताना कुठे लवकर आकसतो, कुठे उशिरा, आणि ती ओढाताण काचेच्या पोटात तशीच राहते. म्हणून तो पुन्हा भट्टीत घालायचा, साडेपाचशे अंशांच्या वर न्यायचा, तिथे काही वेळ ठेवायचा आणि मग अगदी सावकाश गार करायचा. कारखान्यात याला काच मुरवणं म्हणत. न मुरवलेला चंबू मुरवलेल्या चंबूसारखाच चकचकतो. टिचकी मारली तर आवाजही तसाच. आठवडाभर टिकतो, कधी वर्षभर. मग एक दिवस कुणी हात न लावता फुटतो.

हे ओळखण्यासाठी तिच्या टेबलावर एक पेटी होती. आत दिवा, दिव्यापुढे दोन खास पडदे, एकमेकांना आडवे लावलेले, त्यामुळे सगळं काळं दिसायचं. मधे चंबू धरायचा. चंबू मुरलेला असेल तर काळंच राहायचं. आत ताण असेल तर त्या जागी उजेड यायचा आणि ताण जास्त असला तर निळे-पिवळे पट्टे दिसायचे. नव्या माणसाला ती सांगायची, बाहेरच्या जगाचं इथे उलटं आहे, इथे अंधार म्हणजे पास आणि उजेड म्हणजे नापास.

तिच्या नावावरची पहिली मोठी मागणी तीस चंबूंची होती, तीन तोंडांचे, एका महाविद्यालयासाठी. सोमवारी दुपारपर्यंत गाडीत चढवते असं ती साहेबांना सगळ्यांसमोर बोलून बसली होती. रविवारी वीज गेली आणि भट्टी मधेच गार झाली. भट्टी सांभाळणाऱ्या भट्टीकाकांनी सकाळी येऊन चंबू बाहेर काढले. तापमानाची रेघ ओढलेला कागद त्यांनी नेहमीप्रमाणे न पाहताच फाइलला लावला. तीस वर्षांत भट्टीनं दगा दिला नव्हता, त्यामुळे कागद बघायची त्यांची सवय गेली होती. धाकटीनं नियमाप्रमाणे तिसांतले तीन चंबू पेटीत धरले. तिन्हींच्या मानेपाशी पट्टे होते. निळे, पिवळे, स्पष्ट.

परत मुरवायला एक दिवस लागला असता, बस. खाली गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिनं पेटीचा दिवा बंद केला आणि तीसही चंबूंच्या कागदावर 'ठीक'चा शिक्का मारला.

दीड महिन्यानं त्या महाविद्यालयात एका चंबूतली हवा पंपानं काढत असताना तो फुटला. समोर उभ्या असलेल्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंचा डावा डोळा गेला. कारखान्यात चौकशी झाली. धाकटीनं सांगितलं, मी तपासलेले तिन्ही चंबू काळे दिसले होते. आता तिसांतले तीनच तपासायचे हा नियम कारखान्याचाच. ते तीन नेमके भट्टीच्या गरम कोपऱ्यातले निघाले असतील, असं साहेबांनीच तिच्या वतीनं मांडून टाकलं. भट्टीच्या कागदावरची मधेच घसरलेली रेघ मात्र सगळ्यांना दिसत होती. भट्टीकाकांना भट्टीवरून काढून खोकी बांधायला बसवलं.

आणि मग धाकटी वाट बघू लागली.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. ती त्या नसलेल्या आवाजाकडे कान लावून बसली. ज्योतीपुढे बसताना वाटायचं, आज हात भाजेल. भाजला नाही. घशात दुखलं तेव्हा ती आरशापुढे तोंड उघडून जवळजवळ आशेनं बघत राहिली. दोन दिवसांत घसा बरा झाला. तिची एक बस चुकली, ती पुढच्या बसनं गेली, आणि वाटेत ती आधीची बस बंद पडून रस्त्याकडेला उभी दिसली, सगळे प्रवासी उन्हात. तीन महिन्यांनी तिला तपासणी विभागाची प्रमुख केलं. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी ती कारखान्याच्या मोरीत जाऊन ओकली.

तिला भूत दिसत नव्हतं. भूत असतं तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी मागे लागलंय असं झालं असतं. टेबलाशी काम करताना तिला वाटायचं, मागे कुणी येऊन उभं आहे, परीक्षेत मास्तर मागे येऊन थांबतात तसं. ती सावकाश वळायची. मागे कपाट, कपाटात ओळीनं चंबू, आणि त्यापलीकडे भिंत. कुणी नसायचं. सगळ्यात जास्त भीती तिला त्या नसण्याचीच वाटायची.

पट्टे मात्र दिसू लागले. गाड्यांच्या मागच्या काचा मुद्दाम ताण भरून कडक केलेल्या असतात आणि विशिष्ट कोनातल्या उजेडात त्यांवर डागांची जाळी दिसते. याचं शास्त्र तिला तोंडपाठ होतं. तरीही सकाळी कामाला जाताना पुढच्या गाडीच्या काचेवर ती जाळी उमटली की ती मान खाली घालायची. डोळे मिटले की निळे आणि पिवळे पट्टे, मानेपाशी. जागेपणी एखाद्या बाईशी बोलताना ती नकळत तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहायची. समोरची बाई पदर सावरायची, डोळा पुसायची, विचारायची, काही गेलंय का हो?

बढतीचं कळल्यावर ताई रविवारी घरी आली. ताईचं शिवणकाम, बोटाला सुईची टोकं आणि तोंडाला त्याहून तीक्ष्ण. तिनं धाकटीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, वजन कुठे ठेवून आलीस? धाकटी म्हणाली, काम वाढलंय. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. ताईनं आवाज खाली आणला.

"तुझं बरंय बाई. आयुष्यभर बोट लागलं नाही. इथेही नाही आणि तिथेही नाही." तिनं वर बोट दाखवलं. "पाहुण्याला कोण मारतं?"

ताई गमतीत म्हणाली होती. पुढच्याच वाक्यात ती शेजारणीच्या ब्लाउजवर आली. पण तो 'पाहुणा' शब्द खोलीतून काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीकाका खोकी बांधायचं सोडून तिच्या टेबलापाशी आले. हाताला सुतळीचे वळ, कपाळावर तेच जुनं, भट्टीनं कायमचं तांबूस केलेलं कातडं. ते तिच्याच मंडळीतले, उपासनेत दोन बाकं पुढे बसणारे. तिचं अभिनंदन करायला यायला उशीर झाला म्हणून ओशाळले. मग कपाटाला टेकून आपणहून बोलू लागले. पहिले काही दिवस फार राग आला, म्हणाले, देवावरही. मग वाटलं, बाप उगाच हात उगारत नाही. शोधलं पाहिजे, कशाबद्दल. शोधता शोधता आठवलं की सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला आहे, कारण इतकं फुसकं की सांगायची लाज वाटते. मग गेले एका सकाळी भावाच्या दारात. भाऊ आधी दार लावू लागला, आणि मग दोघंही उंबऱ्यावर बसून रडले.

"भट्टी गेली त्याचं वाईट वाटतं गं," काका म्हणाले. "पण त्यानं आपली दखल घेतली म्हणायची. विसरला असता तर मेलोच होतो."

ते हसत हसत खोक्यांकडे गेले. धाकटी स्टुलावर बसून राहिली. जो मार तिच्यासाठी निघाला होता तो दोन बाकं पुढे जाऊन बसला होता. आणि त्या माणसानं तो नुसता सोसला नव्हता, त्याचं सोनं केलं होतं. तो त्या घरचा मुलगा ठरला होता. ती तिथेच होती, कोरडी, धडधाकट, विभागप्रमुख.

त्या आठवड्यात तिनं पेटीचा दिवा लावला की आत काही न धरताही तिला पट्टे दिसू लागले. पुढच्या रविवारी ती उपासनेला गेली नाही. बाबा परतले तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बाबा ऐंशीला आलेले; हात कापतो, पण कुणाला मदत करू देत नाहीत. ते समोर बसून वाटाणे सोलू लागले. एक दाणा भांड्यात, एक जमिनीवर.

"बाबा, तुम्ही मला एकदाही का नाही मारलंत?"

बाबांनी शेंग खाली ठेवली नाही. हे तू पंधराव्या वर्षी विचारशील असं वाटलं होतं, म्हणाले, तुझा हिशेब जरा कच्चाच. मारणं ही काही माया नव्हती, ते म्हणाले. थोरलीला मारलं तो त्यांचा राग होता आणि त्याची माफी त्यांनी तिच्याकडे मागून घेतली होती, आई गेली त्या वर्षी.

"आणि मी?"

"तुझी भीती वाटायची," बाबा म्हणाले. "आणलं तेव्हा पहिला महिनाभर तू रोज सकाळी दारापाशी जाऊन उभी राहायचीस. कुणीतरी परत न्यायला येणार म्हणून. मी आवाज चढवला असता तर तू चालू लागली असतीस. मग सवयच लागली भ्यायची."

तिनं त्यांना सगळं सांगितलं. भट्टी, वीज, तीन चंबू, हॉर्न, त्या बाईंचा डोळा. पट्टे दिसले आणि तरीही शिक्का मारला, हेही. चौकशीत काळं दिसलं म्हणाले, हेही. बोलताना ती टेबलाकडे बघत होती. भट्टीकाका भावाकडे जाऊन आले तिथपर्यंत आली आणि थांबली. बाबांनी वाटाण्यांचं भांडं बाजूला सारलं.

"त्या बाईंचं वय काय?"

"बेचाळीस."

"तुला माहीत आहे म्हणजे." ते तिच्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात नेहमीचं काही नव्हतं. "उद्या सकाळी साहेबांकडे जायचं आणि सांगायचं. तू नाही सांगितलंस तर परवा मी काठी टेकत येईन आणि सांगेन."

तिनं जन्मभर याची वाट पाहिली होती. त्यात कुठेतरी ऊब असेल अशी तिची समजूत होती. ऊब नव्हती. एक क्षणभर तिला समोरच्या म्हाताऱ्याचा इतका द्वेष वाटला की ती स्वतःच दचकली. ताईला पट्टीच्या वेळी असंच वाटत असेल का, हे तिनं ताईला कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत उभी राहिली. साहेब म्हणाले, बसा. ती बसली नाही. रात्रभर पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, आणि अगदी ओठांवर येता येता ते किंचित वळलं. कसं वळलं ते तिलाही नंतर सांगता आलं नसतं. ती म्हणाली, "ते तीन चंबू मी तपासलेच नव्हते. गाडीची घाई होती. न तपासता शिक्का मारला."

साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग त्यांनी भट्टीकाकांना बोलावून घेतलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आता जास्त सफाईनं. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपण उघडून, वाचून, त्यावर रडूनही बसलो आहोत असं कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे ते माझं नव्हतं?" त्यांनी विचारलं. साहेबांना नाही, तिलाही नाही. मग हाताची सुतळी गुंडाळत ते बाहेर गेले.

साहेबांनी शिक्का ठेवून जायला सांगितलं. पुन्हा चौकशी होईल, निर्णय कळवू, तोपर्यंत कामावर येऊ नका. हलगर्जीपणा म्हणजे फार तर पद जाईल, असं ते दारापर्यंत येऊन दबक्या आवाजात म्हणाले. तुम्ही आपणहून सांगितलंत हे मी लक्षात ठेवीन.

ती चालतच घरी निघाली. दुपारचं ऊन होतं. हलकं वाटत होतं, आजारातून उठल्यावर वाटतं तसं. गाड्या जात होत्या. त्यांच्या काचा नुसत्या काचा होत्या. कोपऱ्यावर थांबून तिनं एक मोठा श्वास घेतला. शिक्षा झाली, तिच्या मनात आलं. पद गेलं, शिक्का गेला. झालं. पुढच्या वळणावर तिला जाणवलं की रस्ता फार शांत आहे. हवेतला आवाज कुणीतरी पंपानं काढून घ्यावा तसा. तिनं पावलं उचलली.

बाबा जेवणाच्या टेबलाशी त्याच खुर्चीत बसले होते. तिची वाट बघत सकाळपासून उठले नव्हते असं वाटत होतं.

"सांगितलंस?"

"हो. शिक्का काढून घेतला. चौकशी होणार आहे." ती खुर्ची ओढून बसायला लागली.

"सगळं?"

खुर्चीच्या पाठीवर तिचा हात तसाच राहिला. हो म्हणणं सोपं होतं. जीभ तयारही होती. बाबा आजवर तिचं प्रत्येक 'हो' मानत आले होते.

"तपासले नाहीत, असं म्हणाले," ती म्हणाली.

"तपासले होतेस."

"हो."

"दिसलं होतं."

"हो."

"मग जा परत."

ती म्हणाली, दमलेय, उद्या जाते, एवढ्यानं काय फरक पडतो, काका तर सुटलेच. बोलता बोलताच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, दहा वर्षांच्या मुलीचा, लाडावलेला. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन झाले होते.

"कारखाना पाचला सुटतो," ते म्हणाले.

त्यांनी पाणी विचारलं नाही. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. ते घाबरले होते. तिला ते स्वच्छ दिसत होतं. एवढ्यानं ती उठून कायमची निघून जाईल, असं त्यांना या क्षणीही वाटत होतं. ती त्यांच्याकडे बघत थांबली, शब्द मागे घेतील म्हणून. बाबांनी शब्द मागे घेतला नाही. नजरही नाही.

ती वळली आणि जिना उतरू लागली.